टर्बो डिझेल आणि बॉनेटखालची धग

आंब्याच्या पेट्या भरून पिकअप फोंडा घाट चढते, तेव्हा टेंपरेचरचा काटा वर जातो. गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाका म्हणतात. काढू का? (देवगड)

मुळीच नको. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढला की सपाटीला इंजिन गार राहतं आणि डिझेल जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत बायपास उघडाच राहतो, पाणी रेडिएटरला न जाता परत फिरतं आणि घाटात त्रास उलट वाढतो.

आधी बॅटरी मारून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. समोरची जाळी स्वच्छ दिसते, पण आत तांबडी धूळ, कुसळं आणि किडे यांचा नमदा बसलेला असतो. हवाच जात नसेल तर कूलंट काय करणार? इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पात्या आडव्या होतात. खाऱ्या वाऱ्याने पात्या पांढऱ्या पडल्या असतील आणि बोट लावताच भुगा होत असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका, रेडिएटर बदला.

व्हिस्कस फॅन (इंजिन तापलं की घट्ट पकडणाऱ्या क्लचवरचा पंखा) असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. तो जड लागला पाहिजे. भिरभिर फिरला तर क्लच गेला. आणि कृपा करून बोअरचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतात. बहुतेक गाड्यांना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं.

टर्बोच्या पुढच्या सायलेन्सर पाइपाला हीट रॅप (धग अडवणारी पट्टी) गुंडाळू का? (गुहागर)

धग कमी होते, हे खरं. पण आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. रॅप ओल धरून ठेवतो आणि पाइप आतल्या आत गंजत जातो. त्यापेक्षा खडखडतो म्हणून कुणी काढून टाकलेला कंपनीचा हीट शील्डचा पत्रा नव्या बोल्टने परत बसवा. लोड असताना टर्बोत शिरणारा धूर ७०० अंशांपर्यंत तापतो. तो पत्रा नसला की शेजारचे होज आणि वायरिंग कडक होऊन तडकतात. माझ्या मते गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच.

बॉनेट मागून वॉशर घालून उचललं तर? (चिपळूण)

उभ्या गाडीत थोडी गरम हवा निघेल. धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत येते. पावसात पाणीही येईल. नको.

बीएस-६ गाडी बंद केल्यावरही फॅन चालू राहतो, जळका वासही येतो. (मालवण)

बहुधा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साचलेली काजळी जाळत असतो. तेव्हा आत ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं. घर-बाजार-जेटी एवढ्याच फेऱ्या असल्या की हे काम अर्धवट राहतं आणि पुन:पुन्हा सुरू होतं. आठवड्यातून एकदा हायवेला वीसेक मिनिटं सलग चालवा. तरीही वास आला तर तेलगळती तपासून घ्या. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. मिनिटभर आयडलिंगला ठेवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही. आणि अशी तापलेली गाडी काजूच्या बागेत सुक्या पातेऱ्यावर उभी करू नका, आग लागू शकते.