ट्रेलरच्या भिंतीत काय भरू?

प्रश्न: काका, घरीच छोटा टिअरड्रॉप ट्रेलर (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची झोपायची खोली) बनवतोय, पावसात भंडारदऱ्याला न्यायचाय. ऊन-थंडी अडवायला भिंतीत ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरू की फोम?

उत्तर: ग्लासवूल नकोच रे. हादऱ्यांनी ते खाली बसतं आणि रात्री दोघांच्या श्वासाची वाफ आत शिरून ओलं झालं की संपलंच. २५ मिमीची एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन फोम) शीट घे, ती पाणी जवळपास पीतच नाही, बाहेरून ६ मिमी मरीन प्लाय, आतून ४ मिमी, मधे लाकडी पट्ट्यांची फ्रेम, झालं सँडविच. फक्त चपलांना लावतात तो पिवळा गोंद नको हं, त्यातल्या सॉल्व्हंटने फोम विरघळून खड्डे पडतात, माझी एक अख्खी शीट त्यात गेलीये! पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू वापर. प्लायच्या कडांना पाणी शिरू नये म्हणून इपॉक्सी मार. आणि छताला व्हेंट ठेवच, नाहीतर सकाळी भिंती घामाघूम.