‘शामिल’ म्हणजे ‘सामील’ नव्हे

एका अनुवादिकेचा प्रश्न आहे. अरब देशांतल्या शालेय शिक्षणावरचा अहवाल मराठीत आणताना ‘दमज’, ‘दामिज’, ‘शामिल’, ‘जामिअ’ हे शब्द आलटूनपालटून येतात. सगळ्यांना ‘समावेशक’ म्हणून चालेल का? ‘शामिल’ म्हणजे आपला ‘सामील’च ना? आणि ‘तालीम शामिला’ असे लिहिले तर बरोबर का?

शेवटचे आधी. ‘तालीम शामिला’ चूक आहे. तालीम हे अरबीत पुल्लिंगी नाम. विशेषण नामाच्या मागून येते, नामाचेच लिंग घेते, आणि नामाला ‘अल्’ असेल तर विशेषणालाही ‘अल्’ लागतो. त आणि श ही तिकडची सूर्याक्षरे. त्यांच्यापुढे ‘अल्’मधला ल् टिकत नाही, म्हणून ‘अत्-तालीम अश्-शामिल’. ज हे चंद्राक्षर, तिथे ल् शाबूत राहतो: ‘अल्-जामिअ’. मोरोक्कोच्या कागदांत ‘दामिजा’ असे स्त्रीलिंगी रूप दिसेल. ते बरोबर आहे, कारण तिथे नाम ‘तर्बिया’ (शिक्षण, संगोपन) आहे आणि तर्बिया स्त्रीलिंगी. कैरोतल्या माणसाच्या तोंडून ‘दमज’ऐवजी ‘दमग’ ऐकू आले तर तो वेगळा शब्द समजू नये. इजिप्तमध्ये ज चा ग होतो, एवढेच.

‘तालीम’वर फार शब्द खर्च करत नाही. ‘इल्म’, ‘मालूम’ यांच्याच धातूचा हा शब्द. अरबीत त्याचा अर्थ सरळ शिकवणे, शिक्षण. इजिप्त आणि जॉर्डनच्या शिक्षण मंत्रालयांच्या नावातच तो आहे. आपल्याकडे तो आखाड्यात आणि नाटकवाल्यांकडे रमला, आणि १९३७ साली वर्ध्यात ‘नई तालीम’ होऊन पुन्हा शाळेत आला. अरबी मजकुरात ‘तालीम’ किंवा ‘मदरसा’ दिसला की डोळे झाकून ‘धार्मिक शिक्षण’ लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अरबीत मदरसा म्हणजे शाळा. कुठलीही शाळा.

आता ‘शामिल’. ‘शामिल म्हणजे सामील, त्यात काय विचारायचे’ हे उत्तर इतक्या ठिकाणी, इतक्या आत्मविश्वासाने दिले जाते की आधी ते खोडून काढणे भाग आहे. शब्द एकच, यात वाद नाही. श चा स होणे आपल्याला नवे नाही: ‘शाबाश’चे ‘शाबास’ झाले, आणि ‘सिफारिश’चे ‘शिफारस’ होताना तर स आणि श यांनी जागाच बदलल्या. ‘शामील’ असे रूपही मराठीत चालत आलेले आहे. म्हणून ‘सम्’ आणि ‘मिल्’ जोडून ‘सामील’ला संस्कृतातून काढण्याचा ज्यांना मोह होतो, त्यांनी तो आवरावा. त्या व्युत्पत्तीला ‘सा’मधला दीर्घ आकार समजावून सांगता येत नाही. अरबी रूपात तो आकार पहिल्यापासून आहे, आणि सगळी गोम त्या आकारातच आहे.

अरबीत तीन व्यंजनांचा धातू घेऊन पहिल्या व्यंजनाला आ आणि दुसऱ्याला इ लावली की कर्ता तयार होतो. ‘मालक’ याच साच्यातला, मूळ ‘मालिक’: ज्याच्याकडे मालकी आहे तो. ‘वारस’ही त्यातलाच, मूळ ‘वारिस’. कर्मासाठी साचा वेगळा. पुढे ‘म’ लागतो आणि मध्ये ऊ येतो. ‘मजकूर’ म्हणजे उल्लेखलेला, ‘महसूल’ म्हणजे हाती आलेला. आता श-म-ल हा धातू या दोन साच्यांत घाला. धातूचा अर्थ वेढणे, आपल्यात घेणे. ‘शामिल’ म्हणजे जो वेढतो, जो आत घेतो तो. जो आत घेतला गेला तो ‘मश्मूल’. मराठीत ‘मोर्चात सामील झाला’ म्हणताना आपण ‘शामिल’ शब्दाला ‘मश्मूल’चा अर्थ देतो. कर्त्याचे कर्म झाले. ही उलटापालट मराठीने केलेली नाही. हिंदुस्थानीत ‘शामिल होना’ आधीच रूढ होते आणि आपण ते तयार उचलले. म्हणून याला मराठीचा भ्रष्टपणा म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. पण अर्थ उलटला आहे हे विसरून जो भाषांतर करील, तो अहवालाचा कणाच मोडील. ‘अत्-तालीम अश्-शामिल’ म्हणजे सामील झालेल्या मुलांचे शिक्षण नव्हे. सगळ्यांना कवेत घेणारे ते शिक्षण. काम शिक्षणव्यवस्थेने करायचे आहे, मुलाने नाही.

या धातूचे एक लेकरू मराठीत अगदी ओळखीचे आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही: शेमला. अरबीत ‘शम्ला’ म्हणजे अंगाभोवती गुंडाळून घ्यायचे वस्त्र. त्याच धातूचे ‘इश्तमल’ हे क्रियापद वस्त्र लपेटून घेण्याला चालते, आणि पुढे ‘अला’ हे अव्यय आले की त्याचाच अर्थ ‘च्यात समाविष्ट असणे’ असा होतो. आजच्या अहवालांत ‘या योजनेत पुढील बाबींचा समावेश आहे’ हे वाक्य याच क्रियापदाने लिहितात. शम्ला फारसी-उर्दूतून येता येता डोक्यावर चढला, फेट्याचा झाला आणि मराठीत शेमला म्हणून स्थिरावला. काही जण शेमला आणि शेला एकच मानतात. मग शेमल्यातला म आला कुठून, याचे उत्तर त्यांनी द्यावे. माझ्या दृष्टीने सामील आणि शेमला ही सख्खी भावंडे आहेत, आणि ‘शामिल’ शिक्षणाचा अर्थ कोणाला समजावायचा असेल तर अंगाभोवती सगळीकडून येणारे हे वस्त्रच दाखवावे. ‘शमाल’ म्हणजे उत्तर दिशा, हाही शब्द कोशांत याच तीन अक्षरांखाली सापडतो. त्याला मात्र या नात्यात ओढू नये.

‘शामिल’ आणि आपले जुने कोर्ट एका वाक्यात पाहायचे असेल तर २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले चौथे, शिक्षणाचे, अरबीतून वाचावे. त्यात शिक्षणाला तीन विशेषणे आहेत: जय्यिद, मुन्सिफ आणि शामिल. जय्यिद म्हणजे चांगले. ‘मुन्सिफ’ म्हणजे आपल्या जुन्या कोर्टातला न्यायाधीश मुनसफ, ‘इन्साफ’ करणारा. इन्साफच्या मुळाशी ‘निस्फ’ आहे, म्हणजे अर्धा. समोरच्याला त्याचा अर्धा वाटा देणे, हे त्याचे जुने स्पष्टीकरण. मराठी अनुवादांत या ‘मुन्सिफ’ला सर्रास ‘समान’ केले जाते, ते थांबले पाहिजे. समानतेला अरबीत ‘मुसावा’ आहे. त्याचा धातू सपाट करणे, एका पातळीला आणणे असे सांगतो. अंध मुलाला आणि डोळस मुलाला छापील पुस्तकाची एकेक प्रत दिली की मुसावा झाली. इन्साफ व्हायला ब्रेलमधली प्रत लागते. वाक्यात मुद्दाम मुन्सिफ घातला आहे, तिथे ‘समन्यायी’च हवे.

अनुवादिकेच्या अहवालात ‘अदाला इज्तिमाइया’, म्हणजे सामाजिक न्याय, हेही येणारच. २०११च्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात घोषणा होती ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया’. यातला ‘ऐश’ मराठीतल्या ऐषआरामातलाच आहे, पण इजिप्तच्या बोलीत त्याचा अर्थ भाकरी. मूळ अर्थ ‘जगणे’. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. तिथे चैन लिहिणारा अनुवाद त्या चौकातल्या माणसांवर अन्याय करील. ‘इज्तिमाइया’चा धातू ज-म-अ, आपल्या जमावाचा आणि जमातीचा. ‘जामिअ’ही त्यातूनच. २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २४व्या कलमात अरबी मसुद्याने ‘शामिल’ न वापरता ‘जामिअ’ वापरला आहे: सगळ्यांना एकत्र आणणारी शिक्षणव्यवस्था. साचा पुन्हा कर्त्याचाच. शामिल आणि जामिअ या दोघांनाही ‘समावेशक’ म्हणायला हरकत नाही.

अडचण ‘दमज’ची आहे. द-म-ज म्हणजे एकात दुसरे घट्ट बसवणे, मिसळून टाकणे. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाला अरबीत ‘इंदिमाज’ म्हणतात, यावरून शब्दाचा कल कळेल. छोटी कंपनी मोठीत विरते, मोठी आपले नियम बदलत नाही. इजिप्तच्या शिक्षण मंत्रालयाचा २०१७चा २५२ क्रमांकाचा निर्णय याच शब्दाच्या घरातला आहे. सर्वसाधारण शाळांत कोणाला घ्यायचे ते तो सांगतो, आणि त्याच्या शीर्षकातच ‘सौम्य अपंगत्व असलेले विद्यार्थी’ अशी अट आहे. दार कोणाला उघडायचे हे मुलाच्या अपंगत्वाच्या तीव्रतेवर ठरते, म्हणून इथे ‘समावेशक’ लिहिणे म्हणजे मूळ मजकुराला त्याने न दिलेले वचन चिकटवणे. ‘एकात्मिक शिक्षण’ हा आपल्याकडचा जुना शब्द इथे नेमका बसतो. इजिप्तमधल्या परीक्षांच्या बातम्यांत तर ‘तुल्लाब अद्-दमज’ असा प्रयोग नेहमीचा आहे: दमजचे विद्यार्थी, ज्यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या निघतात. व्यवस्थेला दिलेले नाव मुलांच्या गळ्यात पडले. अनुवादात ते लपवू नये, ‘एकात्मिक योजनेतले विद्यार्थी’ असेच लिहावे. ‘समावेशक विद्यार्थी’ हा प्रयोग अर्थहीन आहे.

मग ‘दामिज’? तो याच धातूचा, पण कर्त्याच्या साच्यातला: मिसळवून घेणारा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१७चा २० क्रमांकाचा कायदा झाल्यावर जॉर्डनने २०२० मध्ये दहा वर्षांचे धोरण जाहीर केले, ते ‘अत्-तालीम अद्-दामिज’चे. मोरोक्कोचा २०१९चा राष्ट्रीय कार्यक्रम ‘अत्-तर्बिया अद्-दामिजा’चा. दोन्हींत शाळेने बदलायचे आहे. तिथे ‘समावेशक’च. धातू तोच असूनही दमज आणि दामिज यांना मराठीत एक शब्द देता येत नाही तो यामुळे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या समितीने २०१६ साली चौथे सामान्य भाष्य, म्हणजे कराराच्या अर्थाचे स्पष्टीकरण, काढले, त्यात वगळणे, वेगळे ठेवणे, एकात्म करणे आणि समावेश करणे या चार गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. मुलाने आहे त्या शाळेशी जुळवून घेतले तर तिसरी, शाळा बदलली तर चौथी. दुसरीचे उदाहरण लेबनॉनच्या संदर्भात अहवालात असेल. सीरियातून आलेल्या मुलांसाठी तिथल्या सरकारी शाळांत दुपारची पाळी सुरू झाली. इमारत तीच, फळा तोच, पण सकाळची मुले घरी गेल्यावर. त्या मुलांना शाळा मिळाली हे खरे आणि मोलाचे. पण त्या परिच्छेदात ‘समावेश’ शब्द घालायचा असेल तर मूळ अरबी शब्द दोनदा तपासावा.

अपंग मुलासाठी जुन्या मजकुरांत ‘मुआक’ येईल. हेही कर्माचे रूप, अर्थ ‘अडवलेला’. आता अरब देशांतल्या संघटना आणि कायदे हा शब्द टाळून ‘इआका (अपंगत्व) असलेली व्यक्ती’ अशी रचना करतात, आणि माणसाला आधी ठेवायचे म्हणून ते योग्यच आहे. पण अडवलेला म्हटले की कोणी अडवले हा प्रश्न व्याकरणच विचारते. पायऱ्यांनी, दाराच्या रुंदीने, पुस्तकाच्या छपाईने. २०१७ साली संयुक्त अरब अमिरातीने ‘असहाब अल्-हिमम’ हे नाव आणले. ‘असहाब’ हे ‘साहेब’चे अनेकवचन, ‘हिमम’ हे आपल्या ‘हिंमत’चे. हिंमतवाले. नाव देखणे आहे, पण आपल्या ‘दिव्यांग’सारखाच त्याचाही दोष हा की अडवणारा त्यातून नाहीसा होतो आणि मुलाच्या हिंमतीवर सगळे सोपवले जाते. १९५० मध्ये इजिप्तमध्ये माध्यमिक शिक्षणाची फी रद्द करणारे शिक्षणमंत्री ताहा हुसेन लहानपणापासून अंध होते. शिक्षण हे पाण्याहवेसारखे आहे, हे त्यांचे म्हणणे तिथे आजही सांगितले जाते. पाण्याहवेला हिंमत लागत नाही. अनुवादात मात्र सरकारी नाव सरकारी म्हणूनच ठेवावे, ‘हिंमतवान (सरकारी संज्ञा)’ असे, आणि पुढे ‘अपंग मुले’ लिहावे.

महाराष्ट्रात खात्याने रूढ केलेला शब्द ‘समावेशित शिक्षण’ असा आहे आणि तो मला मान्य नाही. ‘समावेशित’ म्हणजे ज्याचा समावेश केला गेला ते. समावेश मुलाचा होतो, शिक्षणाचा नाही. शामिलचा सामील झाला तीच चूक इथे संस्कृत प्रत्ययाने पुन्हा केली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आपल्याच २०१६च्या कायद्यातली व्याख्या शिकण्याशिकवण्याची पद्धत मुलांच्या गरजांप्रमाणे जुळवून घेण्याची जबाबदारी व्यवस्थेवर टाकते, तेव्हा कर्त्याचा ‘क’ लावून ‘समावेशक’च लिहिले पाहिजे. पुढे ‘सर्व’ लावायचीही गरज नाही.

अनुवादिकेने विचारले नाही, पण अनुवाद बिघडतो तो बहुधा ‘मुदमज’ने. ‘अत्-तालीम अल्-मुदमज’ म्हणजे काही तास वर्गात आणि काही तास ऑनलाइन असे संमिश्र शिक्षण. अपंगत्वाशी त्याचा संबंध नाही. कोविडनंतरच्या कागदांत तो ‘दामिज’च्या शेजारीच सापडतो, आणि यांत्रिक भाषांतराच्या कच्च्या खर्ड्यात दोघांची अदलाबदल होऊ शकते. अरबी लिपीत ओळखायची खूण सोपी आहे. ‘अल्’नंतर लगेच मीम (म) असेल तर मुदमज, दालनंतर (द) अलिफ (आ) असेल तर दामिज.