चाळिशीतल्या वाफा: डॉक्टरकडे जाताना

अगं, पाळी जायच्या आधी अशा अंगातून गरम वाफा येतात, घाबरू नकोस. माझंही ४४व्या वर्षी असंच सुरू झालं. रात्री तीनला गाऊन घामाने चिंब, आणि सकाळी फोडणीत मोहरी घातली की नाही तेच आठवेना.

आधी नोंद ठेवायला लाग. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरच ठेवायचे. दुधाच्या हिशेबाशेजारी पाळीला लाल टिंब, वाफा आल्या तर ‘वा’, झोप उडाली तर ‘झो’. तीन महिन्यांची पानं डॉक्टरबाईंपुढे ठेवली तेव्हा कुठे बोलणं माझ्या त्रासावर आलं. त्याआधी एका दवाखान्यात ‘वयच आहे’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- एकदाच रक्तातलं एफएसएच (पाळीचं चक्र चालवणारं एक हार्मोन) तपासून निकाल लावणं. या काळात तो आकडा वरखाली होतो. ४५ नंतर निदान मुख्यतः लक्षणांवरून करतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचं मात्र विचार.
- मैत्रिणीची गोळी आपणही घेणं. तुझं बीपी, मायग्रेन, पूर्वी रक्ताची गुठळी, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, सगळं सांग. औषध त्यावर ठरतं.
- पाळी लांबली की गर्भनिरोधक सोडणं. दिवस अजूनही राहू शकतात, बाई!
- तासातासाला पॅड बदलावा लागतोय तरी ‘पाळी जायचीच आहे’ म्हणून सोसणं. लगेच दाखव.

हार्मोनचा पॅच की जेल, ते पुढचं पुढे. आत्ता सगळ्यांत छळणारी दोनच लक्षणं कागदावर लिही आणि वेळ घे. औषध सुरू झालं तर तीनेक महिन्यांनी परत जाच. माझा पहिला डोस बदलावा लागला होता.