‘मॅडम, ड्रममध्ये माल जमला तर?’

मी समुपदेशक. काँक्रीट वाहून नेणाऱ्या, मागे फिरता ड्रम असलेल्या मिक्सरच्या गाडीवर नव्याने लागलेला ड्रायव्हर समोर बसला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. कुणाची बायको विचारते, “हे घरी आले तरी ड्रमचंच बोलतात, झोपेत दचकतात, काय करू?” गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहून टाकावंसं वाटलं. हकीकत एकाचीच आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला आपण बार्शीकर म्हणू.

बार्शीकर आधी हंगामात उसाचा ट्रक चालवायचा, नंतर खडीचा हायवा. हेवीचं लायसन, हात साफ. हिंजवडीच्या बाजूला एका आरएमसी प्लांटवर, म्हणजे तयार काँक्रीटच्या कारखान्यात, टीएमचं (मिक्सरच्या गाडीचं) काम मिळालं, पगार बरा होता, आणि तिथेच झोप उडाली.

“मॅडम, खडी दिवसभर गाडीत राहिली तरी खडीच राहते. हा माल मागे शिजत असतो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की पाठीमागे कुकर ठेवल्यासारखं वाटतं.”

“बरं. माल जमला. पुढे काय?”

“संपलं.”

“संपलं म्हणजे काय काय होतं?”

“संपलं म्हणजे संपलं, मॅडम.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेवरची. माणूस ‘संपलं’, ‘खलास’, ‘बरबाद’ असं बोलला की माझे कान टवकारतात. या शब्दांच्या पोटात तपशील नसतो, आणि जिथे तपशील नसतो तिथे भीती पसरून बसते. धीर देऊन ती हलत नाही. ‘काही होत नाही हो’ हे त्याला घरच्यांनी आधीच शंभरदा सांगून झालं होतं. म्हणून मी त्याला एक काम दिलं. प्लांटवरच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरशेजारी आठवडाभर बसायचं आणि ‘संपलं’ म्हणजे नेमकं किती वाजता काय होतं, ते विचारून यायचं.

पुढच्या वेळी तो शाळेची वही घेऊन आला. गाडी 6 घनमीटरची. काँक्रीट घनमीटरला साधारण 2.4 टन, म्हणजे पाठीवर साडेचौदा टन माल. चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, बॅचिंगची (माल कालवल्याची) वेळ छापलेली असते. आयएस 4926 हे मानक सांगतं की गाडी भरल्यापासून 2 तासांत माल खाली व्हायला हवा. रिटार्डर (जमणं लांबवणारं रसायन) घातला असेल आणि गिऱ्हाइकाशी तसं ठरलं असेल तर मुदत वाढते. रस्त्यात ड्रम मिनिटाला दोन-तीन फेऱ्या, सावकाश. साइटवर पोचल्यावर चूट (माल ओतायची पन्हळ) उघडण्याआधी ड्रम फास्ट करायचा, घनमीटरमागे एक मिनिट धरून, म्हणजे वरखाली झालेला माल परत एकजीव होतो.

“आणि दोन तास उलटले की दगड?” मी विचारलं.

तो हसला. पहिल्यांदाच. “नाही ना! उस्ताद म्हणाला, दोन तास ही दर्जाची मुदत आहे. ड्रम फिरतोय तोवर दगड होत नाही, माल घट्ट होत जातो, क्यूसीवाला, म्हणजे दर्जा तपासणारा, नापास करतो, गाडी परत येते. मी समजत होतो चार मिनिटं थांबलो की गेलो.”

इथे मी जरा वेळ काही बोलले नाही. मोठा उलगडा असाच होतो, समुपदेशकाने एकही शहाणपणाचं वाक्य न बोलता. गेली दोन सत्रं मी भीतीशी वाद घातला असता तर ती आणखी चिकटली असती. त्याला त्याच्याच धंद्यातलं घड्याळ मिळालं आणि ‘संपलं’चे तुकडे पडले: नापास चलन, परतीची फेरी, सुपरवायझरची बोलणी. यातलं प्रत्येक वाईटच, पण प्रत्येकाला पुढची पायरी आहे.

मग ड्रम खरोखरच बंद पडला तर? ते पानही त्याने भरून आणलं होतं. ड्रम हायड्रॉलिक पंप आणि मोटरवर फिरतो. होज (तेलाची नळी) फुटला किंवा तेल गळलं की थांबतो. अशा वेळी गाडी कडेला घेऊन पहिला फोन प्लांटला, तोही लगेच. ‘बघू पाच मिनिटं’ म्हणण्यात अर्धा तास जातो आणि खरं नुकसान तिथेच होतं. सोय असेल तर दुसऱ्या गाडीचे होज जोडून ड्रम फिरवता येतो. आणि शेवटचा उपाय ऐकून हा उसाच्या पट्ट्यातला गडी चकितच झाला. साखर! सिमेंटच्या वजनाच्या दोन हजारांत एक भाग साखर मिसळली तरी माल जमणं काही तास पुढे ढकललं जातं, जास्त घातली तर जमणं जवळपास थांबतंच. पण हा निर्णय क्यूसीचा, आणि ड्रम फिरत असेल तरच साखर मिसळणार. “केबिनमध्ये दोन किलो ठेवू का?” असं त्याने विचारलं, तेव्हा उस्तादाने म्हणे चहा पाजून गप्प केलं.

एवढं झाल्यावर झोप परत आली असेल असं मला वाटलं. आली नव्हती. पाचव्या भेटीत कळलं की त्याला खरा धाक ड्रमचा नव्हताच फारसा.

“साइटवाला म्हणतो, माल घट्ट आहे, पाणी मार. मी नवा. नाही कसं म्हणू?”

हाच प्रश्न मला पहिल्या दिवशी ऐकू यायला हवा होता. काम सुटेल, लोक हसतील, हा अडाणी म्हणतील, ही भीती सांगायला पुरुषमाणसाला जड जातं. ड्रमची भीती सांगायला सोपी. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक ड्रायव्हरांचं हेच असतं, म्हणून आता मी तिसऱ्या भेटीतच विचारते: “तुम्हाला साइटवर ‘नाही’ म्हणता येतं का?”

म्हणायचं तर हातात कारण हवं. घनमीटरमागे 5 लिटर पाणी जादा गेलं की स्लम्प, म्हणजे मालाच्या पातळपणाचं माप, ढोबळमानाने इंचभर वाढतो आणि ताकद एक-दीड मेगापास्कलने (ताकद मोजायचं एकक) उतरते. सहा घनमीटरला 5 लिटर म्हणजे 30 लिटर, दोन बादल्या. आणि साइटवर कुणी बादली मोजत नाही, पाण्याचा होज सोडतात. माल कडक वाटत असेल तर उपाय पाणी नसून प्लांटचं अॅडमिक्श्चर (मालात मिसळायचं रसायन), तेही क्यूसीच्या माणसाने मोजून घालायचं. गिऱ्हाईक हट्टच धरत असेल तर आधी प्लांटला फोन, आणि त्यांनी सांगितलं तर चलनावर किती लिटर, कुणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, आणि खाली सही. सही मागितली की हट्ट बऱ्याचदा तिथेच निवतो.

आम्ही खोलीत सराव केला. मी साइट इंजिनीअर झाले, आवाज चढवला. पहिल्या वेळी तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. चौथ्या वेळी म्हणाला, “साहेब, क्यूसीला फोन लावतो, तुम्हीच बोला.” भांडण नाही, माघार नाही. हेच वाक्य मी आता सगळ्यांना देते.

साइटवर खणलेल्या खड्ड्याच्या कडेलाही हीच गोष्ट लागू पडते. “अजून मागे घे, अजून घे” असं पाच जण ओरडतात. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर सोडायचं. हेल्पर आरशात दिसेनासा झाला की ब्रेक. मऊ माती दिसली की आधी उतरून पायाने दाबून बघायचं. यात ड्रायव्हरची लाज काय जाते?

पलटीचा प्रश्न मात्र वेगळा, कारण तिथली भीती बरोबर आहे आणि ती घालवायची नाही. वजन उंचावर, वर फिरता ड्रम माल एका कुशीला चढवून ठेवतो. कुठल्या कुशीला, ते प्लांटवर मागे उभं राहून बघून घ्यायचं. उसाच्या गाडीची सवय इथे दगा देते. वळणावर वेग निम्मा केला की बाहेर फेकणारा जोर चौथाई होतो. 30 ने घेत होतात ते वळण 15 ने घ्या, मागचे हॉर्न वाजवू देत. वळताना ड्रम फास्ट कधीच नाही.

दोन गोष्टी नवे लोक हमखास विसरतात. माल ओतून झाला की हॉपर (माल भरायचं तोंड) आणि चूट लगेच धुवायची, ड्रममध्ये पाणी घेऊन फिरवायचं, आणि ते पाणी ठरलेल्या जागी ड्रम उलटा फिरवून पूर्ण काढायचं. शंभर लिटर आत राहिले तर पुढची गाडी भरण्याआधीच बिघडलेली असते, आणि दोष ‘प्लांटचा माल पातळ’ असा फिरत राहतो. दुसरी गोष्ट, पात्यांवर जमलेलं काँक्रीट फोडायला ड्रममध्ये स्वतः उतरायचं नाही. ते काम शिकलेल्या माणसांचं, इंजिन बंद, किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात, हवा खेळती, आणि बाहेर एक जण उभा. “पटकन जाऊन येतो” म्हणणाऱ्याला मी माझ्या खोलीत तरी सोडत नाही.

आठ सत्रं झाली. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला, मागे ड्रमचा आवाज येत होता.

“मॅडम, आज साइटवाल्याने पाण्याचा होज ओढला.”

“मग?”

“मी चलन आणि पेन पुढे केलं. म्हटलं, लिटर लिहा.”

“लिहिले?”

“नाही. क्यूसीला फोन लावला त्यानेच. थांबा हं, माझा नंबर आला, गाडी लावतो.”