परदेशात वाचवलेल्या मांजरीच्या पिल्लांचा लळा लागलाय, आठ महिन्यांनी देश सोडायचा आहे. त्यांचं काय करू?

तुम्ही लिहिलंय की पिल्लं तीन आहेत, अंदाजे तीन आठवड्यांची. आई दिसत नाही आणि पिल्लं कुणाला द्यायची म्हटलं की पोटात तुटतं. लळा लागण्यात काही चुकलेलं नाही. रात्री उठून दूध पाजणाऱ्याला तो लागतोच, आणि कुणी तसं उठल्याशिवाय इतकी लहान पिल्लं जगत नाहीत. पण पिल्लांचे आठवडे तुमच्या व्हिसापेक्षा भरभर संपतात, म्हणून या मायेला तारखांची जोड द्या.

आधी आईचं बघा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो, आणि ती खरोखरच एकेक करून जागा बदलते. मागे राहिलेली पिल्लं मग टाकलेली वाटतात. जिथून उचललीत तिथे अजून दोन-तीन दिवस चक्कर मारा. माणसाचा हात लागला म्हणून आई सहसा पिल्लांना नाकारत नाही.

वयाची खात्री करा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान ताठ होतात आणि पुढचे इवलेसे दात हाताला लागतात. जन्मताना वजन साधारण १०० ग्रॅम असतं आणि दर आठवड्याला तेवढीच भर पडते. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, रोज एकाच वेळी तिघांना तोला आणि वहीत लिहा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवेत. एक दिवस वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लू मलूल दिसेपर्यंत थांबलात तर बरेचदा उशीर झालेला असतो.

दूध मांजरीच्या पिल्लांसाठीचं पावडरचंच हवं. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिलि, तीन आठवड्यांच्या पिल्लाला दर चार तासांनी. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार अंगात दूध पचत नाही. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल.

पाजताना पिल्लू पोटावरच ठेवा, आईजवळ असतं तसं. बाळासारखं उताणं धरलंत तर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि हाताने वाढवलेली पिल्लं दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. बाटली उलटी केल्यावर थेंब हळूहळू गळावा, धार लागू नये. नीट ओढायला लागलं की त्याचे कान तालात हलतात. तेवढं दिसलं की समजा, पोटात जातंय. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने मागून हलकेच पुसा, कारण या वयापर्यंत शी-शू आपली आपण होतेच असं नाही. चौथ्या आठवड्यापासून ओलं खाणं आणि मातीचा ट्रे सुरू करा. ओली झाली की गोळे होणारी माती नको, पिल्लं ती खातात.

पिसवा दिसल्या तर कुत्र्याचं औषध चुकूनही लावू नका. त्यात बरेचदा असणारं परमेथ्रिन मांजरासाठी जीवघेणं आहे, आणि माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळीसुद्धा.

आता तुमचा खरा प्रश्न. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांची सवय करून घेतं, तेव्हा घरी पाहुणे येऊ द्या, वेगवेगळ्या हातांत द्या. आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. दहा-बारा आठवडे ही द्यायची उत्तम वेळ. ठेवायचं की द्यायचं हे आठव्या आठवड्यातच ठरवा. निघायच्या महिन्यात ठरवू म्हटलं, तर हातात वाढलेलं मांजर असतं आणि त्याला घर मिळणं फार अवघड जातं. माझं मत विचाराल तर दोन एकत्र एका घरी द्या. एकमेकांना चावूनच ती किती जोरात चावायचं ते शिकतात.

एक सोबत नेणार असाल तर मोजणी आजच सुरू होते. आधी १५ अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर अनेक देश ती लस धरतच नाहीत. अनेक देशांना लस १२ आठवड्यांच्या आधी चालत नाही. युरोपीय संघाचं उदाहरण घ्या: ज्या देशांमधून यायला रक्ततपासणी लागते, तिथून आणताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त द्यायचं, प्रतिपिंडं (लसीमुळे रक्तात तयार होणारी रोगाशी लढणारी द्रव्यं) ०.५ आययू (मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलि तरी हवीत, आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबायचं. आज तीन आठवड्यांचं पिल्लू म्हणजे साधारण सहा महिने यातच गेले. तुमच्याकडे आठ आहेत. निकाल कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, आणि उरलेले दोन महिने त्यातच जातील. म्हणून ज्या देशात जायचं आहे तिथले नियम लसीच्या आधी वाचा. घरमालकाची लेखी परवानगीही आत्ताच घ्या. प्रवासाचा पिंजरा दोन महिने आधीपासून घरात उघडा ठेवा. विमानासाठी गुंगीचं औषध नको, त्याने रक्तदाब आणि श्वास दोन्ही मंदावतात.

जी देणार आहात त्यांच्यासोबत वजनाची वही, लसीच्या तारखा, आठवडाभराचं तेच खाणं आणि वापरातली थोडी माती द्या. नव्या घरी पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायला सांगा. ती ज्या कापडावर झोपतात ते कापडही सोबत द्या, न धुता.