हृदयविकार, मधुमेहावरचं संशोधन सारखं उलटसुलट का येतं? विश्वास कशावर ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की आज जे औषध हृदयाला चांगलं म्हणतात तेच काही वर्षांनी घातक ठरतं, मग अशा संशोधनावर भरवसा ठेवायचा कसा? मी औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो. कुठलीही बातमी वाचताना मी आधी पाहते, की यांनी नेमकं मोजलं काय?

हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात जादा ठोके पडत असतील तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ते ठोके दबायचे, ईसीजी सुधारायचा. साहजिकच गोळ्या दिल्या जात होत्या. मग 'कास्ट' नावाची चाचणी झाली. ज्यांचे ठोके या गोळ्यांनी खरंच आटोक्यात येतात असेच रुग्ण घेतले आणि कोणाला औषध, कोणाला औषध नसलेली तशीच गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, दुसऱ्या गटातल्या ७४३ पैकी २६. ईसीजी चांगला दिसत होता आणि माणसं मरत होती! हा तक्ता मी कितीही वेळा पाहिला तरी अस्वस्थ होते.

म्हणून रिपोर्टमधला आकडा उतरला एवढ्यावर मी थांबत नाही. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू कमी झाले का? रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधांबाबत आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांबाबत याचं उत्तर मोठ्या चाचण्यांतून 'हो' असं आलेलं आहे, तेव्हा एखादी बातमी वाचून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.

दुसरा घोळ तुलनेत होतो. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकार कमी आढळायचा. पण त्या बायका मुळातच सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या, मग श्रेय गोळीचं की राहणीचं? 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत १६,६०८ जणींना असंच चिठ्ठीने दोन गटांत वाटलं, आणि २००२ मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. तोच निकाल दुसऱ्या शब्दांत असा: वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० जणींना व्हायचा तिथे ३७ जणींना झाला. दोन्ही आकडे खरे, पण मथळ्यात पहिलाच येतो आणि घाबरवतो. शिवाय या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीत, पाळी गेल्यावर लगेच गोळ्या सुरू करणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे, हे पुढच्या विश्लेषणातून समोर आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पुन्हा शब्द फिरवला. खरं तर प्रश्न अधिक नेमका झाला होता.

कारणं शोधताना मात्र चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, कोणाला मुद्दाम सिगारेट कशी ओढायला लावणार? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि पुढे कोण कशाने जातं याची नोंद ठेवली. ते काम ५० वर्षं चाललं. सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ही दहाही वर्षं जवळजवळ वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, साठीत तीन. हा निष्कर्ष उलटेल असं मला वाटत नाही. जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त, सोडली की धोका उतरतो, आणि वेगवेगळ्या देशांत, पुरुषांत आणि बायकांतही हेच पुन्हापुन्हा दिसलं आहे.