सुट्टीत आठ पोरं आठवडाभर राहायला येणार आहेत, कसं निभावायचं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात दीर-जाऊ, दोन नणंदा आणि सगळ्यांची मिळून आठ पोरं तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतायत. सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं, बाथरूम एकच, आणि सासूबाईंना रोज घरी केलेलं गोड हवंय. आमचं घर साताऱ्याला, बाकी सगळी भावंडं पुण्या-मुंबईला, त्यामुळे मे महिना म्हणजे आमच्याकडे हेच असतं. म्हणून सांगते, पोरांची काळजी सोडा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची टोळी जमते, मग त्यांना तुमची आठवण फक्त भूक लागली की येते. जड जातात ते मोठे, कारण ते पाहुणे म्हणून येतात. तेव्हा जे काय ठरवायचं ते त्यांच्याशी, आणि ते गाडीत बसायच्या आधी, फोनवर.

कुणाच्या पोराला कुणी रागवायचं, हे आधी ठरवा. आमच्याकडे समोर जो मोठा असेल त्याने रागवायचं आणि आईने मध्ये पडायचं नाही. हात मात्र कुणीच उगारायचा नाही. आणि मार्कांचा विषय बंद. निकालांचे दिवस असतात, कुणीतरी जेवताना सहज विचारतं, "मग, तुला किती पडले?" पोरं विसरतात, आयांचा अबोला दिवाळीपर्यंत पुरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लक्ष कोण ठेवणार. घरात सात-आठ मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. गच्ची, गॅलरीचे गज, पार्किंगमध्ये मागे येणारी गाडी, बाथरूममधली भरलेली बादली, सगळं त्या वेळात असतं. म्हणून नाव घेऊन सांगायचं: "भाऊजी, चार ते सहा तुम्ही खाली." 'जरा बघा हं' असं मोघम सांगितलेलं कुणालाच सांगितलेलं नसतं. आम्ही वाईला कृष्णेच्या घाटावर गेलो तर प्रत्येक मोठ्याच्या वाट्याला दोन पोरं वाटूनच देतो.

स्वयंपाकाचा माझा एकच नियम आहे: जे एकेक करून तव्यावर टाकायचं, ते या आठवड्यात करायचं नाही. थालीपीठ, डोसे, घावन, सगळं बाद. शेवटचा डोसा पडेपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागलेली असते आणि तुम्ही घामाघूम. पोहे करा, किलोभरात बारा-चौदा जणांचा नाश्ता होतो. इडली, उपमा, मिसळ, रात्री मुगाची खिचडी आणि कढी. पोळ्या सरळ पोळीभाजी केंद्रातून आणा, आदल्या दिवशी सांगून ठेवा. लोक काय म्हणतील? ज्याला काही म्हणायचंय त्याच्या हातात लाटणं द्या. पोरांची पंगत नेहमी आधी, म्हणजे मोठ्यांना निवांत जेवता येतं. भरलेला जादा सिलिंडर घरात असू द्या, आणि नणंद भाजीचे पैसे देते म्हणाली तर "राहू दे गं" म्हणू नका, घ्या.

पेल्यांचं सांगते, कारण यावर कुणी बोलत नाही. पोरं पाणी पितात, पेला कुठेतरी ठेवतात आणि पुढच्या वेळी नवा घेतात. संध्याकाळपर्यंत ओटा भरतो. आमच्याकडे बारशा-मुंजीत आलेले स्टीलचे पेले आहेत, नावं घातलेले. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकेक दिला की आठवडाभर तोच, आणि धुवायचा त्यानेच. मग घरात आरोळ्या ऐकू येतात, "माझा 'सप्रेम भेट' कुणी घेतला?" ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्या पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावते.

अंघोळी सकाळी मोठ्यांच्या, पोरांच्या संध्याकाळी खेळून आल्यावर. एकाच बाथरूममध्ये दुसरा मार्ग नाही, आणि रात्री अंथरुणंही स्वच्छ राहतात. हॉलमध्ये सतरंज्या घालून सगळ्यांना ओळीने झोपवा. पंख्याखाली कोण यावर भांडण होणारच, चिठ्ठ्या टाका. एखादं पोर अजून अंथरूण ओलं करत असेल तर त्याच्या आईला आधीच विचारून मेणकापड घाला आणि त्याला कडेला, तिच्याजवळ झोपवा. हे बाकीच्या पोरांना कळता कामा नये. चुलत-मामे भावंडं असली गोष्ट लग्नापर्यंत विसरत नाहीत.

दुपार लांबलचक असते. बाहेर ऊन, आत आठ जण. पत्त्यांचे दोन कॅट आणून ठेवा. झब्बू आणि बदाम सात सगळ्यांना जमतं, मोठी पोरं मेंढीकोटाला बसतात. तीन वर्षांच्याला लिंबूटिंबू करा, हातात चार पत्ते दिले की तो खूश. मोबाइलचं आयांनी आपापसांत एकच काय ते ठरवावं. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, की संपलं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, आंबे पाण्यात टाकणं ही कामं पोरांकडेच द्या.

आंबा शक्यतो कापून देऊ नका. बाठा कुणाला, यावरून आमच्याकडे रक्त निघायचं बाकी राहिलंय. पायरी आणा, रस करा आणि वाटीने मोजून वाढा.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. नसतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तापाच्या औषधाचा डोस वजनावर असतो, तो ज्याच्या त्याच्या आईला विचारूनच. शेंगदाण्याचं किंवा आणखी कशाचं कुणाला वावडं आहे का, तेही आधी विचारा.

रोज फिरायला नेऊ नका. मे महिन्यात महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा असतात आणि ठोसेघरच्या धबधब्याला पाणी नसतं, तरी दरवर्षी कुणीतरी "चला" म्हणतंच. आम्ही पहाटे अजिंक्यतारा चढतो, उन्हाच्या आत घरी. एक दिवस सज्जनगड. समर्थांच्या समाधीचं दर्शन होतं, दुपारी प्रसादाचं जेवणही तिथेच होतं, आणि खरं सांगायचं तर एका वेळचा स्वयंपाक टळतो. जाताना देणगीची पावती फाडतो. तुमच्याही गावाजवळ असं एखादं ठिकाण असेलच. चौथ्या दिवसाच्या आसपास सगळेच चिडचिडे होतात. त्या दिवशी काहीही ठरवू नका आणि तुम्ही दुपारी दार लावून झोपा.

राहिलं सासूबाईंचं गोड. आमरस तीन दिवस गोडातच मोजायचा. चौथ्याला चक्का आणून श्रीखंड, घोटायला सगळ्या पोरांना पाळीपाळीने बसवा, म्हणजे ते घरचंच झालं. उरलेल्या दिवसांचा शिरा त्यांनाच करायला सांगा. नातवंडांसाठी म्हटलं की त्या नाही म्हणणार नाहीत, फक्त रवा आधी भाजून ठेवा.